तुडुमाचं लाकूड

१

दुर्गेश्वरीच्या घरी भात रोजचा आणि पोळ्या सणासुदीच्या, तरी लाटणं बारा महिने तिच्या हाताशी असे. ते पिठासाठी नसून नवऱ्यासाठी आहे, असं ती कॉलेजात गमतीने सांगे आणि सोबतच्या शिक्षिका हसून लोटपोट होत. खरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तिचा नवरा भुपेंद्र ठार बहिरा होता. तरणी वर्षं त्याने गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीनच्या गडगडाटात काढली. आधी त्याला पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग फोनची घंटी, मग बायको. कान गेल्यावर तो अर्जुनी मोरगावच्या पलीकडे आपल्या गावी परतला. घरचं धान पाहू लागला आणि बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाच्या गेटची चावी सांभाळू लागला. दुर्गेश्वरी रोज बसने अर्जुनीला जाऊन ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवी.

माणूस चांगला, पण कान गेल्यापासून आंबलेला. चार लोक हसले की आपल्यालाच हसले असं त्याला वाटे. त्याने गावात बसणं सोडलं, ओसरीतल्या खांबाला पाठ लावून दिवसचे दिवस तलावाच्या पारीकडे, त्या मातीच्या बांधाकडे, बघत राही. दुर्गेश्वरी समोर बसून सावकाश बोलली तर ओठांवरून त्याला उमजे, पण समोर बसून बोलायला दोघांना वेळ कुठे? मग एक युक्ती तिला आपोआप सापडली. स्वयंपाकघरातल्या खांबावर तिने लाटण्याने ठोकलं की तो ठोका वरच्या तुळईतून थेट ओसरीतल्या खांबात उतरे आणि भुपेंद्रच्या पाठीला कळे. जेवायला या, पाहुणे आले, चहा निवतो आहे, सगळं त्या लाटण्यावर चाले. तो तिकडून मोठ्यांदा ओरडे, "आलो!" आपला आवाज केवढा आहे, हे त्याला कळत नसे.

नवरा-बायकोत आता एवढाच धागा उरला होता. दुर्गेश्वरी त्याला फार जपे.

एप्रिलच्या एका सकाळी ती तांदूळ धूत होती. भुपेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"काऊन बोलावलं वो?"

तिने वर पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. "मी कुठं बोलावलं? हात पाहा माझे."

"आता तं ठोकलंस."

"उन्हानं लाकूड तडकून राहिलं असन," ती म्हणाली. त्याला पटलं. तिलाही पटलं, कारण लाकूड उन्हाने तडकतंच.

२

ते लाकूड साधं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. तलावाला आता लोखंडी गेट आहे. पूर्वी पाणी सोडायचं तोंड लाकडी खांबांचं असे, त्याला या भागात तुडूम म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात गाळ काढताना जुन्या तुडुमाचे दोन खांब चिखलातून निघाले. किती पिढ्या पाण्यात होते कोण जाणे, पण कुऱ्हाड लागली की आतून लाकूड काळंभोर, कुठे किडीचं भोक नाही. भुपेंद्रच्या तोंडाला पाणी सुटलं. घराची दुरुस्ती चालूच होती. एक खांब त्याने अख्खा तुळई म्हणून चढवला, स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत. दुसरा कापून त्याचे दोन खांब केले, तुळईच्या दोन टोकांना.

शेजारच्या शकुंतलाबाईने बघताच कपाळाला हात लावला होता.

"तुडुमाचं लाकूड घरात कायले आणलं वो बाई? ते पान्यातच सोडतेत. पान्यातलं पान्यात बरं."

"काऊन?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"काऊन काय? नाही आनत मनून नाही आनत."

दुर्गेश्वरी मुलांना प्राण्यांची शरीरं शिकवणारी बाई. असल्या उत्तराने ती हटणार थोडीच! शिवाय त्या लाकडामुळेच तिला नवऱ्याशी बोलता येऊ लागलं होतं. नवं साधं लाकूड ठोका असा नेत नाही, हे तिने ताडलं होतं. पाण्यात मुरलेलं ते लाकूड मात्र कुजबुजसुद्धा पोचवी.

३

मग ते वरचेवर घडू लागलं. ती अंगणात कपडे वाळत घालत असली तर भुपेंद्र आत स्वयंपाकघरात डोकावून येई. एकदा ती कॉलेजातून परतली तेव्हा तो ओसरीत गोंधळून बसला होता.

"तू घरी नोहतीस?"

"बसमधून आत्ताच तं उतरली मी."

त्या दिवसानंतर त्याने स्वयंपाकघरात यायचं सोडलं. नुसता खांबाला टेकून बसू लागला, आणि दुर्गेश्वरीला खटकलं ते हे की तो हसू लागला. कान गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर हसू तिने पाहिलं नव्हतं. आता पाठ खांबाला, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक हसू. कोणी जुन्या ओळखीचं माणूस शेजारी बसून हळू आवाजात काही सांगत असावं, असा तो दिसे.

कधीकधी तिचा खरा ठोका झाला तरी तो उठत नसे. जेवण निवून जाई. दुसरी बाई असती तर दुर्गेश्वरीने तिच्या झिंज्या धरल्या असत्या, पण लाकडाशी भांडायचं कसं? तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

तो पारीवर गेला होता तेव्हा तिने ओसरीतल्या खांबाला कान लावला. काही नाही. बाहेर मोहाच्या झाडांवर उन्हाळ्यातले सिकाडा किडे किर्रर्र करत होते, उन्हाचाच आवाज यावा तसे. तिने कान काढून तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. तेव्हा लाकडात काहीतरी थरथरलं. आवाज बंद ठेवलेला फोन उशीखाली थरथरावा तसं. थांबलं, परत थरथरलं, परत थांबलं. थांबण्यालाही एक चाल होती.

बाहेरचे सिकाडा गप्प झाले होते. ते केव्हा गप्प झाले, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

४

दोनचार दिवसांनी स्वयंपाकघर झाडताना तिला खांबाच्या पायथ्याशी कात दिसली. सिकाडाची कात तिने शेकडो वेळा पाहिलेली. पिल्लू जमिनीत वर्षं काढतं, मग झाडावर चढून पाठ फाडून बाहेर येतं आणि रिकामं कवच सालीला चिकटून राहतं. मुलं ती शर्टाला लावून कॉलेजात येतात. पण ही घरात होती, वाळक्या लाकडावर, जिथे प्यायला रसाचा थेंब नाही. आणि तिच्या अंगभर लव होती. दाट, तपकिरी, पारडाच्या कानावर असते तशी.

तिने फोटो काढला आणि गोंदियाला तिच्या जुन्या सरांना, इंद्रकुमारांना पाठवला. निवृत्तीनंतर त्यांना किड्यांवाचून दुसरा विषय उरला नव्हता. त्यांचा फोन लगेच आला.

"बेटा, ये फोटो इंटरनेट से लिया क्या?"

"नाही सर. माझ्या घरातला आहे."

"मजाक मत कर." मग म्हणाले, "असे केसाळ सिकाडा आहेत जगात. पण दोनच जाती उरल्या, त्याही ऑस्ट्रेलियाच्या थंड कोपऱ्यात आणि टास्मानियात. कधीकाळी यांचं घराणं जगभर होतं, डायनासोरांच्या काळात. आता दगडातच सापडतात. तुझ्याकडे गोंदिया जिल्ह्यात, मई के महिने में? हो ही नहीं सकता."

"सर, ते गातात का?"

"तीच तर गंमत आहे," सरांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "आपला सिकाडा हवेत गातो, आणि त्याला पोटाशी कान असतात. यांना तसले कान नाहीत. हे गात नाहीत, ज्यावर बसतात ते लाकूड थरथरवतात. पायांनी ऐकतात. म्हणून तर महत्त्व आहे यांचं. गाणं पुष्कळ नंतर आलं, आधी फक्त थरथर होती. आणि आज गाणारा नर, मादी गप्प. यांच्यात दोघंही बोलतात. असे थरथरणारे पुष्कळ किडे असतात बघ, एक विचारतो, दुसरा जागेवरून जवाब देतो, मग पहिला जवाबाच्या दिशेने चालत येतो."

"आणि जवाब मिळालाच नाही तर?"

"तर विचारत राहतो. और क्या करेगा बेचारा!"

फोन ठेवल्यावर दुर्गेश्वरीला हायसं वाटलं. किडा आहे. विचित्र असेल, अशक्य असेल, पण किडा आहे. तिने कात डबीत ठेवली.

दुसरी कात तिला पुढच्या आठवड्यात तुळईच्या सांध्यात सापडली. ती दुर्गेश्वरीच्या हाताच्या पंजाएवढी होती. तिचा फोटो तिने कोणालाच पाठवला नाही. काडीने ओढून चुलीत टाकली, आणि ती जळताना केस जळल्याचा वास घरभर झाला.

५

त्या संध्याकाळी ती भुपेंद्रच्या समोर जाऊन बसली आणि त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"लाकडात काय आहे?"

त्याने ओठ वाचले. नजर चुकवली नाही. "तुले पन समजलं?"

"ते काय बोलते तुमच्याशी?"

"बोलत नाही. इचारते."

"काय इचारते?"

"कोनी आहे का, इतकंच." तो खांबावरून हात फिरवत म्हणाला. "मी मिलमधून आलो तवा मीबी मनातल्या मनात तेच इचारत होतो. कोनी आयकून नोहतं राहिलं."

दुर्गेश्वरीला हे लागलं. मी ऐकत नव्हते का, असं तिला म्हणायचं होतं, पण ओठ थरथरले तर त्याला वाचता येणार नाही म्हणून ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आपन हे लाकूड काढून टाकू. मिस्त्री बोलावते मी."

"नाही."

"तुमी त्याले जवाब देता का?"

"नाही देत." हे तो पटकन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, हसू पार गेलं होतं. "मी नुसता आयकतो. तू पन देऊ नको. ठोकाचं असन तं आपलं रोजचं ठोक, पन त्याच्या ठोक्यामागं ठोकू नको."

"काऊन?"

"आतापावतर ते दूर आहे," भुपेंद्र म्हणाला.

६

शहाण्या माणसाने तेवढ्यावर थांबावं. पण दुर्गेश्वरीचं शहाणपण आणि तिचा मत्सर त्या दिवसांत एकाच दावणीला बांधले गेले होते, आणि कोण कोणाला ओढतं आहे हे तिचं तिला कळत नव्हतं. ती मनाशी म्हणे, नवरा एका किड्यापायी वेडा व्हायला निघाला आहे, त्याला दाखवून द्यायला हवं. लाकूड उन्हाने तडकत असेल तर आपल्या ठोक्याने त्याला काही फरक पडणार नाही. किडा असेल तर तो जवाबाला जवाब देईल, सांध्यातून बाहेर येईल, आणि पायताणाखाली चिरडता येईल. साधा प्रयोग. मुलांनासुद्धा जमेल.

आणि मनाच्या तळाशी हेही होतं की, त्याला विचारणारं जे कोणी आहे त्याला कळावं, या घरात जवाब देणारी बाई आधीपासून आहे.

मे महिन्याच्या दुपारी भुपेंद्र गेटला वंगण लावायला पारीवर गेला. लाइट गेली होती, पंखा बंद होता. कॉलेजला सुट्या होत्या. तिने खांबावर तळवा ठेवून वाट पाहिली. थरथर आली. थांबली. त्या थांबलेल्या जागेत तिने लाटण्याने दोनदा हलकेच ठोकलं.

बाहेरचे सिकाडा एकदम बंद झाले.

लाकूड निपचित राहिलं, इतकं की तिला आपलाच श्वास ऐकू आला. मग तुळईच्या पार दुसऱ्या टोकाकडून, ओसरीकडून, दोन ठोके आले. हलकेच. तिचे होते तसेच, दुसरा जरा दबलेला. तिने हात काढून घेतला. आता तिला तळव्याची गरजच उरली नव्हती, ठोके फरशीतून पायाला कळत होते.

तिने मान वर केली. तुळईवरची धूळ झडत होती. आधी ओसरीच्या तोंडाशी, मग मधल्या खोलीत, मग आणखी अलीकडे. कोणी वरून चालत असतं तर तुळईच्या वर दिसलं असतं. वर काही नव्हतं. धूळ तुळईच्या खालच्या अंगाने झडत होती, एका सरळ रेषेत, घाई न करता. तिला पळायचं होतं. पण स्वयंपाकघराला दार एकच, आणि खांब त्या दाराला लागूनच. ती मोरीच्या भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली.

धूळ झडायची थांबली ती बरोबर खांबाच्या माथ्यावर.

७

तिथे तुळई आणि खांब मिळतात तो सांधा मिस्त्रीने इतका घट्ट बसवला होता की त्यात कागद गेला नसता. आता त्या सांध्यात लव दिसत होती. तपकिरी, दाट, श्वास घेतल्यासारखी वरखाली होणारी. ती खांबावर उतरली, आणि उतरत राहिली. डोकं कुठे आणि शेवट कुठे, ते दुर्गेश्वरीला समजेना. पाय तिला एकच दिसला. तो चौकटीवर आला आणि लाकूड चाचपत, सावकाश, टेकला. मग तिने डोळे खाली घातले आणि पुन्हा वर केले नाहीत.

किडा, ती स्वतःला सांगत राहिली. किडाच आहे. त्याला कान नाहीत. हलले नाही तर त्याला मी कुठे आहे ते कळणार नाही.

तेवढ्यात ओसरीत किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकला. भुपेंद्र परतला होता.

तिने डोळ्यांच्या कडेने पाहिलं. मधल्या खोलीच्या दारातून ओसरी सरळ रेषेत दिसे. तो बाकावर बसला, घाम पुसला, आणि नेहमीसारखी खांबाला पाठ टेकली. इकडून त्याचे दोन खांदे तेवढे दिसत होते.

तिने हाक मारली. आधी हळू, मग जीव खाऊन, त्याचं नाव घेऊन. चौकटीवरची लव हलली नाही, आणि भुपेंद्रही हलला नाही. आवाजाचा त्या घरात कोणालाच उपयोग नव्हता. ताट फेकावं तर ते मधल्या खोलीतच पडणार, आणि त्याचा दणका फरशीतून आधी कोणाला पोचणार? मागच्या भिंतीवर लाटणं आपटलं तर तो दणका तुळईपर्यंत जाऊन कळेल त्याला. तो "आलो" म्हणेल आणि धावत येईल, या एकुलत्या एका दारातून, या चौकटीला हात लावून.

तिने लाटणं ओट्यावर पडलेल्या टॉवेलवर ठेवलं, इतकं अलगद की टेकल्याचं तिलाही कळलं नाही. जा, ती मनात म्हणत होती. बायको घरी नाही असं समजा. उठा आणि शकुंतलाबाईंकडे विचारायला जा, पारीवर जा, कुठेही जा.

भुपेंद्र थोडा वेळ तसाच बसला. परतल्यावर चहाचा ठोका यायचा, तो आला नव्हता. त्याने अंगणाकडे पाहिलं, दोरीवरच्या तिच्या साडीकडे पाहिलं. पुन्हा टेकला. त्याचे खांदे अस्वस्थ झाले होते, ते तिला एवढ्या लांबून दिसलं. आणि मग त्याने वर्षभरात एकदाही न केलेली गोष्ट केली. हात मागे नेला, बोट वाकवलं, आणि खांबावर स्वतःच ठोकलं.

ठोका तुळईतून आला आणि तिच्या टाचांना कळला. अवघडलेला, सवय नसलेल्या माणसाचा. आहेस का, असं तो विचारत होता. लाकडाला नाही, तिला. हे तिला इतकं स्पष्ट कळलं की डोळ्यांतून पाणी आलं. एका ठोक्याने जवाब दिला असता. तिने दोन्ही मुठी तोंडाशी दाबून धरल्या आणि श्वाससुद्धा रोखला.

तो वाट पाहत राहिला. त्याने पुन्हा विचारलं.

आणि दाराशी, तिच्यापासून चार पावलांवर, खांबातून जवाब गेला. दोन हलके ठोके, दुसरा जरा दबलेला. दुर्गेश्वरी गेलं वर्षभर जशी ठोकत आली होती, अगदी तसे.

ओसरीत भुपेंद्रचे खांदे सैल पडले.

"आहेस होय," तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला. "मले वाटलं, गेली कुठं."

ती ओरडली. त्याचं नाव ओरडली, आणि ओरडत राहिली. त्याने बाकावर पाय लांब केले, डोकं मागे टेकलं. मग पुन्हा ठोकलं, या वेळी जरा लांबलचक, आणि जवाब ऐकायला डोळे मिटून घेतले.